कमलाक्कांची डिकी आणि माझं गुलाबी पत्रक

अन्याय झाला तो खजुरीच्या कमलाक्कांवर. बुधवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, कलबुर्गीतल्या एका सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर. डिकी नीट लागेना म्हणून गाडी दाखवायला आलेल्या अक्का काउंटरच्या अलीकडं उभ्या होत्या. हातात स्वतःच्या गाडीची किल्ली, पर्समध्ये स्वतःचं लायसन, गाडीच्या कागदावर स्वतःचं नाव. पलीकडच्या इसमानं त्यांच्याकडं एकदा बघितलं, फोन उचलला आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाला, महेशला सांगितलं, "सर, मॅडम डिकी जोरात आपटतात. लॅच गेलंय. वॉरंटीत बसणार नाही." फोन ठेवून अक्कांना म्हणाला, "सरांशी बोललोय मॅडम. तुम्ही बसा, पाणी घ्या."

आळंद तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकवण्यात जन्म काढलेल्या बाईला पाणी प्यायला सांगून तिच्या गाडीबद्दल तिच्या मुलाशी बोलणं, याला मी अन्याय म्हणतो. आजही म्हणतो. पुढचं वाचून तुम्ही मला हसाल. हसा. पण वर लिहिलेलं खरं आहे, तेवढं हसण्यातून वगळा.

दुपारीच महेशचा अक्कांना फोन आला. "आई, पुरे झालं. रविवारी येतो, गाडी पुण्याला आणतो, विकून टाकू. तोवर चालवू नकोस. कुठं जायचं असंल तर शेजाऱ्यांना सांग, कुणीतरी नेईल."

ही इलेक्ट्रिक कार अक्कांनी रिटायर झाल्यावर घेतली आणि ती घेऊनच चालवायला शिकल्या. गावातल्या बायका पहिले सहा महिने त्यांची गाडी दिसली की लेकरं घरात ओढायच्या. नंतर त्याच बायका आळंदला जायला मागच्या सीटवर जागा धरू लागल्या. गाडी गेली असती तर अक्का पुन्हा 'कुणीतरी नेईल तेव्हा' जाणाऱ्या झाल्या असत्या. हातात बुधवार ते रविवार एवढेच दिवस होते.

आता मी कोण. मी मिलिंद, बसवकल्याण तालुक्यातल्या कोहिनूरचा. धंदा घरोघर जाऊन इलेक्ट्रिक गाड्या दुरुस्त करण्याचा. बिदरला आयटीआय केलं, अक्कांच्या गाडीच्याच कंपनीच्या शोरूममध्ये दोन वर्षं पाना फिरवला. तिथून मी 'बाहेर पडलो' असं पत्रकात लिहितो. 'काढलं' असं इथं लिहितो. एका गिऱ्हाइकाला मी सांगितलं होतं की एवढ्याशा वायरीसाठी अख्खा भाग बदलायची गरज नाही, आणि ते नेमकं मॅनेजर मागं उभा असताना सांगितलं होतं.

माझे वडील चळवळीतले. आमच्या घरात पाठ्यपुस्तकाच्या आधी पत्रक आलं. जोडाक्षरं मी 'धिक्कार' या शब्दावर शिकलो. त्यामुळं माझ्या लिखाणात मधलं काही नसतं. एक जुलमी असतो, एक पिडलेला असतो, आणि शेवटी 'आपला नम्र' असतो, जो अजिबात नम्र नसतो. हीच विद्या घेऊन मी 'आमची गाडी, आमचा पाना' ही मोहीम काढली. मागणी साधी. गाडी विकता तर तिचे सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती गावातल्या मिस्त्रीलाही द्या. मोहिमेत सभासद तीन. मी, आळंदचा छापखानेवाला (तो छपाईची वसुली व्हावी म्हणून सभासद आहे असा माझा संशय आहे), आणि कमलाक्का. अक्का आल्या त्या पहिल्या पत्रकातल्या चुका लाल पेनानं दाखवायला, आणि राहिल्या. मोहिमेचे फलक, गठ्ठे, कर्णा, सगळं त्यांच्याच गाडीतून फिरायचं.

बुधवारी संध्याकाळी अक्कांनी मला फोन केला. "मिलिंद, डिकीचं असं असं झालंय. उद्या येऊन बघतोस काय रं?"

इथं कुठल्याही शहाण्या मिस्त्रीनं 'येतो' म्हटलं असतं. मी म्हणालो, "अक्का, तुम्ही काळजी करू नका, मी सोडत न्हाई त्यांना." फोन ठेवला आणि पत्रक लिहायला बसलो. एका बैठकीत झालं. 'निकृष्ट लॅच गिऱ्हाइकाच्या माथी! खजुरीच्या असहाय वृद्ध मातेची क्रूर थट्टा!' उद्गारचिन्हं मोजली नाहीत. गुरुवारी छापलं, गुलाबी कागदावर, कारण छापखान्यात तोच शिल्लक होता. शुक्रवारी आळंदच्या स्टँडवर उभा राहून शेवटच्या कागदापर्यंत वाटलं. लोक वाचत होते, मान हलवत होते. एकानं माझा हात हातात घेतला. अशा वेळी छाती जी फुगते ती फुगली.

म्हणजे मी रोगी तपासायच्या आधी मयताचं पत्रक वाटलं होतं. हे मला त्या वेळी दिसलं नाही. आमच्या जातीच्या माणसांना, म्हणजे पत्रक काढणाऱ्यांच्या जातीच्या, हे कधीच वेळेवर दिसत नाही.

शनिवारी सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन खजुरीला पोचलो. गाडी अंगणात मेल्यासारखी पडली होती. किल्लीचं बटण दाबलं, काही नाही.

शेजारचे शिवाप्पा ट्रॅक्टर पुसत होते. ते म्हणाले, "आलं बघा पुढारी. आता गाडीला भाषण करून उठवतंय."

अक्का म्हणाल्या, "महेशनं चालवू नको म्हणला, म्हणून बुधवारपासून हात लावले न्हाई. परवा रात्री आत दिवा जळायलेला दिसला. आज बघते तर कायच न्हाई."

न चालवल्यामुळंच ती मेली होती. ज्यांनी कधी अशी गाडी उघडली नाही त्यांच्यासाठी सांगतो. लोकांना वाटतं इलेक्ट्रिक गाडीत एकच भलीमोठी बॅटरी असते. तसं नाही. दिवे, कुलपं, स्क्रीन यांच्यासाठी एक लहान बॅटरी वेगळी असते, साध्या गाडीत असते तशीच. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही उपयोग नाही, कारण मोठीला जागं करणारं कुणी उरत नाही. रोज गाडी चालली तर लहान बॅटरी मोठीकडून भरून घेते. उभी राहिली, आणि त्यात आतला दिवा चालू राहिला, तर दोन-तीन दिवसांत खलास.

आणि दिवा का चालू राहतो? डिकीच्या झाकणाच्या खालच्या कडेला लॅच असतं. त्यात खेकड्याच्या नांगीसारखा एक आकडा. गाडीच्या अंगावर लोखंडी कडी. झाकण खाली आलं की आकडा कडीला धरतो. एकदा टक् होतं, म्हणजे अर्धवट लागली. दुसऱ्यांदा टक्, म्हणजे पूर्ण लागली. या दुसऱ्या टक् ला आतला बोराएवढा स्विच दाबला जातो आणि गाडीला कळतं की डिकी बंद झाली. तो दाबला नाही तर गाडी समजते डिकी उघडीच आहे. मग ती झोपत नाही. दिवा जाळत, पीं पीं करत जागी बसते.

लहान बॅटरीला जोड द्यायला दुसरी बॅटरी पाहिजे होती. अंगणात एकच होती.

"शिवाप्पा, ट्रॅक्टरची बॅटरी जरा..."

"कामून? नवीन जमान्याच्या गाडीला आमचा म्हातारा कशाला लागायलाय?" असं म्हणत त्यांनी ट्रॅक्टर मागं घेतला, तोही मुद्दाम सावकाश, गल्लीतल्या दोन घरांतनं माणसं बाहेर येईपर्यंत. मी लाल वायर लालला लावली, काळी गाडीच्या लोखंडाला. स्क्रीन उजळली. पहिलं वाक्य आलं, 'डिकी उघडी आहे'.

"बघा!" मी म्हणालो, जणू स्क्रीननं माझ्या पत्रकाला पाठिंबा दिला होता.

डिकी वर केली. घरी करायची तपासणी सोपी आहे. झाकण वरच ठेवायचं आणि स्क्रू ड्रायव्हरनं आकडा हातानं दाबायचा, कडी आत आल्यासारखा. मी दाबला. टक्. पुन्हा दाबला. काही नाही. तिसऱ्यांदा जोर लावला. काही नाही.

"खलास," मी जाहीर केलं. "आतनंच निकृष्ट माल. पत्रकात लिहिलं तेच निघालं."

अक्का म्हणाल्या, "आत काय हाय ते बघितलास का?"

"अक्का, आत काय असणार? सील असतंय ते."

"मग खोल की. मोहिमेचं नाव काय हाय?"

खोललं. झाकणाचं आतलं प्लॅस्टिक चापांवर बसवलेलं असतं. ते ओढून काढताना दोन चाप मोडले. गाडी खोलताना काही मोडत नाही असं आमच्या पत्रकात ठळक अक्षरांत आहे. मोडलेले चाप मी खिशात घातले. शिवाप्पांनी ते बघितलं, आणि मी बघितलं की त्यांनी बघितलं. मग तीन बोल्ट काढले, लॅच थोडं बाहेर घेतलं, मोबाइलचा उजेड आत मारला.

आकड्याच्या मुळाशी वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या.

मला एवढा आनंद का झाला ते मी सांगायला नको. दोन आठवड्यांपूर्वी आयुधपूजा झाली होती. आमच्या या भागात त्या दिवशी पान्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याची पूजा होते, कोहळा फुटतो, गाडीला माळा चढतात. अक्कांच्या गाडीला माळ घातली होती शिवाप्पांनी, आपल्या ट्रॅक्टरच्या मागोमाग, हौसेनं. मी स्टुलावर बसलो, पाकळी चिमटीत धरली आणि सुरू झालो. यंत्र म्हणजे काय, श्रद्धा म्हणजे काय, यंत्राला माळेची नव्हे ग्रीसची गरज कशी असते, खेड्यातला माणूस विज्ञान वापरतो पण विज्ञान स्वीकारत कसा नाही. पाचएक मिनिटं तरी बोललो असेन. आमच्या घरच्या गाड्यांना माळ नसते हेही मधे आलं. गल्लीतली माणसं ऐकत होती. शिवाप्पा मान खाली घालून उभे होते, आणि मला ते आवडत होतं, हे लिहिताना आज जीभ कडू होते.

मी थांबल्यावर अक्कांनी शिवणाच्या डब्यातला चिमटा माझ्या हातात दिला. "पाकळ्या वरवर हायत. त्याच्या खाली काय हाय, निळं?"

चिमटा घातला. काहीतरी पकडीत आलं. ओढलं, येईना. आकडा जरा मागं करून पुन्हा ओढलं. स्प्रिंगच्या भोवती गुंडाळलेला निळा नायलॉन निघू लागला. वीतभर दोरी निघाली. तिच्या टोकाला फलकाचा फाटका तुकडा, पितळी कडीसकट. तुकड्यावर लाल रंगात 'ना' हे अक्षर आणि त्याच्या पुढं अर्धं उद्गारचिन्ह.

पान्यातला 'ना'. आमची गाडी, आमचा पाना!

दसऱ्यानंतरच्या रविवारी आळंदच्या बाजारात आम्ही फेरी काढली होती. फलक मी डिकीवर बांधला, दोरी आत घेऊन वरून झाकण दाबलं, म्हणजे हलणार नाही. स्टँडजवळ हवालदारानं विचारलं, फलकाची परवानगी कुठंय? परवानगी नव्हती. मी घाईत हिसका मारून फलक ओढला, गुंडाळला, निघालो. दोरीचा उरलेला तुकडा कुठं गेला हा प्रश्न मला पडला नाही. माळेच्या पाकळ्या त्या दोरीला चिकटून आत गेल्या होत्या. नुसत्या पाकळ्यांनी आकडा अडत नाही, त्या चुरून खाली पडतात.

अक्कांनी दोरी हातात घेऊन गाठ बघितली. "ही तुझी गाठ. दोनदा मारून वर तिसरी मारायची खोड तुझीच हाय."

शिवाप्पा अगदी शांतपणे म्हणाले, "हां मग पुढारी. आता पुढचं भाषण सुरू करा की. आमी थांबलाव."

गल्ली हसली. मीही हसल्यासारखं केलं. ते नीट जमलं नाही.

काम पुढं अर्ध्या तासाचं होतं. दात घासायच्या जुन्या ब्रशनं आतली घाण काढली, चिमूटभर ग्रीस लावलं, आकडा दाबला. टक्, टक्. स्क्रीन गप्प झाली. डिकीचं बटण दाबून आकडा परत सोडवला, कारण तो बंद ठेवून झाकण आपटलं तर कडीवर आदळून खरंच मोडतो. झाकण लावलं. आतला दिवा विझला की नाही हे कसं कळणार, तर मोबाइल व्हिडिओवर लावून डिकीत ठेवायचा आणि नंतर बघायचं. विझला होता. व्हिडिओत काळोख आणि बाहेरून शिवाप्पांचा आवाज, "दोरी जपून ठेवा अक्का, प्रदर्शनाला लावू."

आता खरी पंचाईत. उद्या महेश येणार. सर्व्हिस सेंटरनं लॅच न उघडताच अंदाज ठोकला होता, पण तो अंदाज माझ्यापेक्षा कमी चुकला होता. दोष कंपनीचा नव्हताच. आणि माझी गुलाबी पत्रकं तालुकाभर फिरत होती. माणसं पांगल्यावर घरात बसून मी हळूच म्हणालो, "अक्का, लॅच साफ केलं, चालू झालं, एवढंच सांगू महेशदादाला. दोरीचं काढायची काय गरज? तुमच्याच गाडीचं भलं हाय. मोहिमेसाठी गाडी दिली आणि बिघडली हे कळलं तर तो उद्या गाडी नेईलच."

अक्कांनी टेबलावरचं पत्रक उचललं. त्यांनी ते आधीच तपासलं होतं. दोन वेलांट्या आणि एक अनुस्वार लाल होता. पण एका शब्दाखाली दोन रेघा होत्या.

"असहाय कुणाला म्हणलास?"

मी पत्रकातल्या त्या दोन रेघांकडं बघितलं.

"मी असहाय? मी तुला कधी आले रडत? आन् 'वृद्ध माता'. माझं नाव घालून सगळ्या आळंदला वाटलास. मला इचारलास?"

"अक्का, लोकांना कळावं म्हणून..."

"त्या काउंटरवरच्या माणसानं मला सोडून महेशला सांगितलं. तू मला सोडून सगळ्या स्टँडला सांगितलास. फरक काय हाय सांग. त्यानं निदान पाणी तरी इचारलं."

मी पाना पिशवीत ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला.

"मला एकच गोष्ट पायजे," अक्का म्हणाल्या. "मी डिकी आपटली न्हाई. हे महेशला कळाया पायजे. आपटली न्हाई तर झालं कसं, हे सांगायला दोरी लागती. तूच सांग, तुझ्या तोंडानं."

रविवारी सकाळी महेश आला. पस्तिशीचा, सभ्य, प्रवासानं दमलेला. आईची काळजी करणारा मुलगा जसा असतो तसाच होता. पत्रकात त्याला कुठं बसवावं हे मला सुचलं नसतं. मी दोरी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. मोडलेले चापही खिशातून काढून ठेवले, कारण मधेच थांबलो असतो तर परत सुरू करता आलं नसतं.

त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "तुमचं पत्रक मला व्हॉट्सॲपवर आलंय. ऑफिसात तिघांनी विचारलं, आई बरी आहे ना." मग अक्कांकडं वळून म्हणाला, "आई, हेच म्हणत होतो मी. तुझ्या गाडीत कोण काय बांधतंय, तुला कळतं तरी का? नेतो मी गाडी."

"व्हय, ने," अक्का म्हणाल्या. "आधी मला उद्या कलबुर्गीला जायचंय. त्या माणसाला दोरी दाखवायची हाय. मी चालवते, तू शेजारी बस. मिलिंदा, तू मागं. दोघांनीबी बोलायचं न्हाई."

सोमवारी आम्ही गेलो. अक्का कशा चालवतात ते महेशनं पहिल्यांदाच बघितलं. आधीच्या भेटींत तोच चालवायचा. आळंदच्या पुढं एका ठिकाणी समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर निम्म्या रस्त्यावर आला. मी मागं डोळे मिटले. अक्कांनी वेग आधीच कमी केला होता, डावीकडं घेतलं, थांबल्या, तो गेल्यावर निघाल्या. महेशचा हात डॅशबोर्डवर गेला होता तो त्यानं गुपचूप मांडीवर घेतला.

काउंटरवर तोच माणूस. अक्कांनी दोरी समोर ठेवली. "हे लॅचमधनं निघालंय. तुमी खोलला न्हाईत. हा माझा मेंबर, चूक त्याची. तुमच्या कागदावर 'आपटल्यामुळं' लिहिलाव, ते काढा."

त्यानं दोरी बघितली, मला बघितलं. शोरूमचा जुना युनिफॉर्म अंगावर नसतानाही त्यानं मला ओळखलं, हे त्याच्या हसण्यावरून कळलं. मग सवयीनं महेशकडं बघत म्हणाला, "सर, तसं करता येईल, पण..."

महेश म्हणाला, "गाडी आईची आहे. तिच्याशी बोला."

हे वाक्य त्यानं ठरवून म्हटलं की तोंडातून गेलं, मला माहीत नाही. अक्कांनी मागं वळून बघितलं नाही. 'आपटल्यामुळं' खोडलं गेलं, 'बाहेरची वस्तू अडकल्यामुळं' आलं. माफी कुणी मागितली नाही. मग अक्का म्हणाल्या, नोंदवहीतला फोन नंबर बदला. तिथं महेशचा नंबर होता, गाडी घेताना त्यानंच फॉर्म भरला होता. त्या माणसानं विचारलं, "दोन्ही ठेवू का मॅडम?" अक्का म्हणाल्या, "माझा एकच ठेवा."

महेश कलबुर्गीहूनच रेल्वेनं पुण्याला गेला. उतरताना म्हणाला, "सहा महिने बघू."

"बघ," अक्का म्हणाल्या. "लांबून बघ."

मला दुसरं पत्रक काढावं लागलं. अक्कांनी सांगितलं, मी लिहिलं. एक उद्गारचिन्ह नाही. आळंदच्या स्टँडवर वाटायला उभा राहिलो तर निम्मे गठ्ठे परत आले. चूक कबूल करणारा कागद कुणी खिशात घालून नेत नाही, हे मला माझ्या धंद्यानं शिकवलं नव्हतं. मोहीम चालू आहे, मागणी तीच आहे. फरक एवढाच की आता आधी लॅच खोलतो आणि ज्याची गाडी त्याला विचारतो, मग लिहितो. त्यामुळं पत्रकं फार कमी निघतात.

या लेखात मी मोहिमेचं सभासदत्व मागणार होतो. ते राहू दे. दुसरं मागतो, आणि ते तुम्ही हा अंक खाली ठेवल्याबरोबर करायचं आहे. तुमच्या घरात आईच्या, बायकोच्या, बहिणीच्या नावावर गाडी असेल तर सर्व्हिस सेंटरला फोन लावा आणि त्यांच्याकडं नंबर कुणाचा आहे ते विचारा. तुमचा निघाला तर फोन तिच्या हातात द्या, आणि पुढचं तिला बोलू द्या.